वर्गातला एक बाक रिकामा होतो तेव्हा: मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षक-पालक संघांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षक-पालक संघाचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

शाळेतलं एखादं मूल अचानक जातं तेव्हा पुढचे काही दिवस मोठी माणसं शोकसभा, फोटोची फ्रेम, वर्तमानपत्राला द्यायची बातमी, पोलिसांचे प्रश्न यांत अडकलेली असतात. त्याच वेळी, त्याच इमारतीत, तेरा-चौदा वर्षांची मुलं कुणी न सांगता एकमेकांना सांभाळायला लागलेली असतात. गेलेल्या मुलीच्या बाकावरच्या जोडीदारणीची अपुरी वही कुणीतरी घरी नेतं आणि उतरवून आणतं. जी डबा उघडत नाही तिच्यापुढे अर्धी पोळी सरकवली जाते, आग्रह न करता. धाकट्या भावाला व्हॅनपर्यंत सोडायला वरच्या वर्गातली दोन मुलं रोज जाऊ लागतात. आम्ही शाळांमध्ये समुपदेशन करणारी आणि शिकवणारी माणसं आहोत. अशा प्रसंगी शाळा पुन्हा उभी राहते ती मुख्यतः या छोट्या कृतींवर, असं आमचं ठाम मत आहे. मोठ्यांनी त्यांना जागा द्यायची, त्यांच्या आड यायचं नाही आणि मुलांच्या खांद्याला न पेलणारं ओझं मात्र स्वतः उचलायचं. हे कसं करायचं आणि कुठे चुकतं, त्यासाठी हे पत्र.

सोयीसाठी धरून चालू की नववीतली एक मुलगी सकाळी सायकलवरून शाळेत येताना अपघातात गेली.

बातमी आधी व्हॉट्सॲपवर येते आणि तिथेच पहिली चूक होते. मुख्याध्यापकांनी स्वतः कुटुंबातल्या एका मोठ्या माणसाशी बोलून खात्री करावी. आई-वडील बोलण्याच्या स्थितीत नसतात. काका, मामा, शेजारी कुणीही चालेल. त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात: मुलांना काय सांगितलेलं चालेल आणि अंत्यविधी कधी, कुठे आहे. मग वीस मिनिटांची बैठक. तिला फक्त शिक्षक पुरत नाहीत. शिपाईमामा, फाटकावरच्या मावशी, व्हॅनवाले काका आणि खेळाचे सर यांनाही बोलवा. मुलं पहिला प्रश्न याच माणसांना विचारतात आणि त्यांना काहीच ठाऊक नसलं की ती ऐकीव गोष्ट सांगतात.

बैठकीत पाच-सहा वाक्यांचा मजकूर लिहून काढावा. तो सगळ्या वर्गांत साधारण एकाच वेळी वाचला जावा, वर्गशिक्षकांच्या तोंडून. परिपाठाला मैदानावर किंवा लाऊडस्पीकरवरून मुळीच नको, कारण आठशे मुलांच्या रांगेत ज्या दहाजणांचे पाय लटपटतात ते कुणाला दिसत नाहीत. मजकूर साधारण असा असावा:

"मुलांनो, एक फार वाईट बातमी सांगायची आहे. आपल्या नववी 'ब'मधल्या मैत्रिणीचा आज सकाळी रस्त्यावर अपघात झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. अपघात कसा झाला याची सगळी माहिती अजून आपल्याकडे नाही, म्हणून आपण अंदाज करणार नाही. कुणाला रडू येईल, कुणाला येणार नाही, कुणाला काहीच वाटणार नाही. यातलं काहीही चुकीचं नाही. आज दिवसभर मी शाळेत आहे आणि वाचनालयात बाई बसलेल्या आहेत. कुणालाही केव्हाही तिकडे जाता येईल, सोबत एक मित्र किंवा मैत्रीण नेता येईल."

मृत्यू हा शब्द उच्चारायला मोठ्यांची जीभ अडते. पण 'आपल्यात राहिली नाही', 'देवाघरी गेली' असं म्हटलं की खालच्या वर्गातली मुलं ती कधी परत येणार म्हणून विचारत राहतात आणि वरच्या वर्गातल्यांना मोठी माणसं काहीतरी लपवताहेत असं वाटतं.

मजकूर वाचण्याआधी काहीजणांना बाजूला बोलवून सांगावं लागतं. सख्खी आणि चुलत-मावस भावंडं सर्वांत आधी. त्यांना ओळखीच्या मोठ्या माणसासोबतच घरी पाठवायचं. मग बाकावरची जोडीदारीण, डब्याची टोळी, व्हॅनमधले सोबती, खो-खोचा संघ, शिकवणीतल्या मैत्रिणी. ही यादी वर्गशिक्षकांना तोंडपाठ असते असं आपण धरतो, पण ती बहुधा अपुरी निघते. वर्गातल्या दोघा-तिघांना विचारलं तर पाच मिनिटांत खरी यादी मिळते. दुसऱ्या तुकडीतला एखादा मुलगा, ज्याच्याशी ती गणिताच्या वह्या बदलायची, तो शिक्षकांच्या यादीत कधीच नसतो. मुलांच्या यादीत असतो.

आता शाळा सोडून देण्याबद्दल. आपल्याकडची रीत अशी की दोन मिनिटं शांतता पाळायची, श्रद्धांजलीची दोन भाषणं आणि शाळेला सुट्टी. हेतू आदराचा असतो. पण त्या वेळी कित्येक मुलांचे आई-वडील कामावर असतात. मूल रिकाम्या घरी जातं, फोन उघडतं आणि अपघाताचे फोटो एकट्याने बघत बसतं. जिथे त्याला धीर देणारी मुलं होती तिथून आपणच त्याला बाहेर काढलेलं असतं. म्हणून शक्य तोवर शाळा पूर्ण वेळ भरू द्या. त्या वर्गाचे पहिले दोन तास वर्गशिक्षकांकडे, पुढचे तास नेहमीच्या वेळापत्रकाने पण नवीन धडा न घेता. त्या आठवड्यातली घटक चाचणी सगळ्यांसाठी एक आठवडा पुढे. सुट्टी द्यायचीच असेल तर ती अंत्यविधीच्या वेळेपुरती असावी आणि पालकांना आधी कळवून.

वाचनालयातली ती जागा नीट तयार करावी लागते. मुख्याध्यापकांचं ऑफिस चालणार नाही. तिथे शिक्षेला उभं राहायची मुलांना सवय असते. कोपऱ्यातलं एक टेबल, पिण्याचं पाणी, कोरे कागद, स्केचपेन आणि दिवसभर तिथेच बसणारा एक मोठा माणूस, एवढं पुरतं. जायला कारण लिहिलेली चिठ्ठी लागू नये. सोबत एक मैत्रीण हवीच, आणि इथेच बरेच शिक्षक अडतात: "हिला रडू येतंय हे समजलं, तू कशाला चाललीस?" तिला जाऊ द्या. रडणारीला त्या क्षणी समुपदेशकापेक्षा जास्त गरज तिचीच असते. मर्यादा वेळेची ठेवावी: साधारण एक तासिका, मग दोघी परत वर्गात. खोलीत एकदम पंधरा-वीसजणी जमल्या की एकीचं रडू दुसरीला लागतं आणि कुणाचंच सावरत नाही. अशा वेळी पाच-सहाजणींचे गट करून एक गट मैदानावर चालायला न्यावा. चालताना मुलं बोलतात.

मुलग्यांबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. मुलींचा कळवळा शिक्षकांना ओळखता येतो, कारण तो मिठी मारतो, रडतो, चिठ्ठ्या लिहितो. मुलगे मधल्या सुट्टीत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून भिंतीला टेकून उभे राहतात. ज्याचं मन लागत नाही त्याला बळंच खेळायला ओढतात आणि पहिली बॅटिंग देतात. तिच्या शेजारी राहणारा मुलगा आता एकटा येणार म्हणून घरून दहा मिनिटं लवकर निघतात आणि वळसा घालून त्याला घेऊन येतात. त्यामुळे उशीर झाला तर फाटकावर नाव लिहून घेऊन उभं करू नका. त्या दोन आठवड्यांत उशिरा येणाऱ्यांना आधी कारण विचारा. मैदानावर हसण्याचा आवाज आला म्हणून "लाज वाटते का, कालच तुमच्या वर्गातली मुलगी गेली" असं ओरडणं तर फारच घातक. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दुःखाबद्दल जी मांडणी केली, ती आज जगभर वापरली जाते: माणूस दुःखाकडे वळतो, मग रोजच्या जगण्याकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे येतो, आणि हे हेलकावे असणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे. किशोरवयात हे हेलकावे फार झपाट्याने येतात. दहा मिनिटांपूर्वी ढसाढसा रडलेला मुलगा क्रिकेट खेळत असेल तर तो तिला विसरलेला नाही.

रिकाम्या बाकाचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो आणि दोन्ही टोकांना चुकतो. एक तर शाळा सुटल्यावर कुणीतरी तो बाक परस्पर हलवतं; दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात येतात आणि बाक नसतो. मुलांना तो दुसरा मृत्यू वाटतो. किंवा मग बाकावर फोटो, हार, उदबत्ती असं सुरू होतं आणि महिनाभर तसंच राहतं. जोडीदारणीला तिथे बसवत नाही आणि उठावं तरी कसं हेही कळत नाही. बाक कुठे, किती दिवस ठेवायचा हे वर्गाला विचारा. मुलांना साधारण आठवडा ते दोन आठवडे पुरेसे वाटतात. ठरलेल्या दिवशी फक्त तो बाक हलवू नका, संपूर्ण वर्गाची बसण्याची रचना बदला, म्हणजे एकच जागा मोकळी दिसत नाही. जोडीदारणीला नवीन जागा निवडायचा पहिला हक्क द्या. तिच्याशेजारी कोण बसणार हे बहुधा मुलांनी आधीच आपसांत ठरवलेलं असतं. ते मोडू नका.

हजेरीचंही तसंच. तेवीस नंतर एकदम पंचवीस पुकारलं की अख्खा वर्ग गप्प होतो. पहिले पंधरा दिवस क्रमांक न पुकारता नजरेने हजेरी भरावी आणि तसं का करतोय ते वर्गाला एकदाच सांगावं. वर्षाच्या मध्ये क्रमांक बदलू नयेत. नवे क्रमांक जूनमध्ये आपोआप येतात. जनरल रजिस्टरमध्ये नोंद करणं, पोर्टलवरून नाव कमी करणं ही कामं कार्यालयाची आहेत. पण त्यांतली एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायची: पालकांना जाणारे स्वयंचलित संदेश बंद करणं. 'आपली पाल्य आज गैरहजर आहे' असा एसएमएस आईच्या फोनवर जातो, फीची आठवण जाते, वाचनालयाच्या पुस्तकाचा दंड जातो. हे टाळायला क्लार्कला पाच मिनिटं लागतात आणि न टाळल्यास ते घर शाळेला कधी माफ करत नाही. वर्गाच्या पालक-ग्रुपमधून आईला काढूही नका. तिला राहायचं असेल तोवर राहू द्या.

दप्तर, प्रयोगवही, चित्रकलेची वही, रफ वही, डबा, हस्तकलेचं अर्धवट काम, सगळं एका पेटीत जमा करा. रफ वही सर्वांत आधी फेकली जाते आणि घरच्यांना तीच सर्वांत जास्त हवी असते, कारण तिच्यात तिचं अक्षर, मागच्या पानावरच्या गप्पा, मैत्रिणींची नावं असतात. पेटी मुलांच्या हाती पाठवू नका. घरी दिवस पाळत असतील तर ते झाल्यावर वर्गशिक्षक आणि आणखी एक शिक्षक यांनी आधी फोन करून ती न्यावी. घरचे आत्ता नको म्हणाले तर शाळेत जपून ठेवावी, वर्षभरसुद्धा. त्याच भेटीत आणखी एक काम करता येतं. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला अशी कागदपत्रं लागतात. पालकांना ऑफिसच्या खेपा घालायला लावू नका. एका शिक्षकाने हे काम आपलं मानून पूर्ण करावं.

अंत्यविधीला मुलांना न्यावं का? नेता येतं, पण शाळेच्या हुकुमाने नाही. ज्यांना जायचं आहे आणि ज्यांच्या पालकांनी होकार दिला आहे तेवढेच, आठ-दहा मुलांमागे एक मोठा माणूस. निघण्याआधी तिथे काय दिसेल ते सरळ शब्दांत सांगा: तिचा चेहरा कदाचित दिसणार नाही, आई मोठ्याने आक्रोश करत असेल, मध्येच बाहेर यावंसं वाटलं तर कुणापाशी यायचं. प्रत्येक घराची रीत वेगळी असते. दहन, दफन, जनाजा, बौद्ध कुटुंबातला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, यांत मुलांनी कुठे उभं राहायचं, डोकं झाकायचं का, फुलं न्यायची का हे त्या घरातल्या किंवा त्या समाजातल्या सहकारी शिक्षकाला विचारून घ्या. जे मूल जायचं नाही म्हणतं, त्याला इतरांनी दगडाच्या काळजाचा म्हणू नये, हे वर्गात आधीच बोलून ठेवा.

घरी भेटायला जाण्यात मुलं आपल्यापेक्षा सरस असतात. मोठी माणसं म्हणतात, "देवाच्या मर्जीपुढे कुणाचं चालतं?" मुलं म्हणतात, "काकू, ती ना, बाईंनी प्रश्न विचारला की माझ्या पाठीमागे लपायची." त्या आईला तेच ऐकायचं असतं. आपल्याला माहीत नसलेली आपली मुलगी तिला या मुलांकडूनच मिळते. म्हणून संपूर्ण वर्गाची मिरवणूक नेऊ नका. तीन-चारजणी, पंधरा-वीस मिनिटं, आधी विचारून. प्रत्येकीने एक छोटी आठवण मनात धरून जावं आणि 'कसं झालं' हा प्रश्न विचारू नये. दार उघडलं नाही किंवा काकू काहीच बोलल्या नाहीत तरी आपलं चुकलं असं नाही, हेही आधी सांगावं. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज दीड-दोन महिन्यांनी लागते, जेव्हा नातेवाईक परत गेलेले असतात. त्या वेळी दिवाळीचा फराळ घेऊन जाणारी किंवा नुसतीच हाक मारून जाणारी मुलं तुमच्या वर्गात असतात. त्यांचं वेळापत्रक बनवू नका, त्यांच्या भेटीचे फोटो शाळेच्या पेजवर टाकू नका, प्रगतिपुस्तकात शेरा लिहू नका. बक्षीस लागलं की या गोष्टीतला प्राणच जातो.

फोनबद्दल शाळेने त्याच दिवशी एक वाक्य स्पष्ट सांगावं: अपघाताचा फोटो, सीसीटीव्हीचं चित्रण आणि कारणाचे अंदाज आपण पुढे पाठवणार नाही, आले तर पुसून टाकू. वर्गाच्या ग्रुपमध्ये "हे काढ रे, तिच्या बहिणीकडे पण हा ग्रुप आहे" असं लिहिणारं एक मूल बहुतेक वेळा असतंच. त्याच्या पाठीशी उभं राहा. आणि मोठ्यांनीही पाळायची एक गोष्ट आहे. फाटकासमोर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, खाली शुभेच्छुकांच्या थाटात दहा-बारा चेहरे. मुलांना रोज येता-जाता, पावसाने फाटेपर्यंत तो बघावा लागतो. शाळेच्या आवारात आणि समोरच्या चौकात तो लावू नये, असं संस्थाचालकांनी संबंधितांना नम्रपणे पण ठामपणे सांगावं. हे मुलं सांगू शकत नाहीत, तुम्हीच सांगू शकता.

मुलांच्या मायेची मर्यादा आता लिहितो, कारण हे पत्र वाचून कुणी 'मुलंच मुलांना सांभाळतील' असा अर्थ काढला तर मोठं नुकसान होईल. शेजारी बसणं, वही देणं, सोबत चालणं, ऐकून घेणं हे मुलांचं काम. जिवाला धोका आहे का हे ठरवणं त्यांचं काम नाही. म्हणून प्रत्येक वर्गाला, याच पहिल्या आठवड्यात, कोणतं गुपित राखायचं नाही ते शिकवा. मित्र मरण्याबद्दल बोलला किंवा तसं लिहिलं. स्वतःला जखमा करतो आहे. आवडत्या वस्तू वाटून टाकतो आहे. दोन आठवडे उलटूनही खात-झोपत नाही. "आता सगळं सोपं होईल" असं काहीतरी बोलून अचानक शांत झाला: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. त्यासाठी वाक्यही तयार द्या, कारण ऐन वेळी सुचत नाही: "तू मला सांगितलंस ते बरं केलंस. पण हे माझ्या एकटीच्याने होणार नाही. चल, आपण दोघी बाईंकडे जाऊ, मी तुझ्यासोबत थांबते." ते मूल आलं की त्याला "हे आधी का नाही सांगितलंस?" म्हणू नका आणि त्याने सांगितलेलं स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाटू नका. एकदा असं झालं की त्या शाळेत पुढची कित्येक वर्षं कुणी काही सांगायला येत नाही.

रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. हे क्रमांक फक्त कार्यालयाच्या फलकावर नकोत. प्रत्येक वर्गात, मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कुणी बघत नसताना ते उतरवून घेता येतात.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर वर लिहिलेलं जवळजवळ सगळं लागू होतं, पण काही गोष्टींत जास्त काटेकोर राहावं लागतं. कशी केली, याचा उच्चार वर्गात नको. 'गुण कमी पडले म्हणून', 'बाई ओरडल्या म्हणून' असं एकच कारण सांगू नये. एका कारणाने असं होत नाही आणि तशाच कारणातून जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला ती वाट असल्यासारखी दिसते. अपघातात गेलेल्या मुलीसाठी जेवढं स्मरण केलं असतं तेवढंच इथेही करावं, कमी नाही आणि जास्त नाही. कमी केलं तर कुटुंबावर कलंक लागतो, जास्त केलं तर तो मृत्यू मोठा वाटू लागतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 मध्ये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं आहे. त्याच नजरेने शाळेनेही बोलावं. आणि मित्रांकडे विशेष लक्ष द्यावं. "मी त्या रात्री फोन उचलला असता तर" हे वाक्य वर्गातल्या एका तरी मुलाच्या मनात असतंच. त्याला "तुझा काही दोष नाही" एवढं सांगून भागत नाही. ते त्याला दहा वेळा बोलू द्यावं लागतं, आणि ते ऐकायला प्रशिक्षित माणूस लागतो.

तो माणूस शाळेत असणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. 25 जुलै 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी जोडणी करून ठेवायची आहे. सर्व शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हेही त्यात आहे. खेड्यातल्या शाळेला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, हे खरं आहे. पण तालुक्याच्या तीन-चार शाळांनी मिळून आठवड्यातले दिवस वाटून घेता येतात आणि उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या 'मैत्री' केंद्राचा फोन नंबर आजच लिहून ठेवता येतो. घटना घडल्यावर नंबर शोधायला बसलात तर दोन दिवस जातात.

जी मुलं इतरांना सांभाळतात ती स्वतः कधी कोसळतात? साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी पाणी वाटणारी, सगळ्यांना गप्प करणारी, वह्या गोळा करणारी मॉनिटर तोवर रडलेली नसते, आणि 'किती समंजस आहे' म्हणून आपण तिच्यावर आणखी कामं टाकलेली असतात. मग डोकं दुखतं, पोट दुखतं, गृहपाठ राहतो, घरच्यांवर चिडचिड होते. चौथ्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी या मुलांना एकेकटं बोलवून पाच मिनिटं बोलावं. "तू इतरांसाठी बरंच केलंस, ते मी पाहिलं. तुझं काय चाललंय?" एवढ्यावर बहुतेकजण बोलू लागतात. तिची काही कामं काही दिवस दुसऱ्याला द्या, आणि ही शिक्षा नाही हे तिला सांगा.

शिक्षकांचंही असंच असतं. कुणाच्या कपाटात तिची न तपासलेली उत्तरपत्रिका असते, कुणी आदल्याच दिवशी तिला रागावलेलं असतं. वर्गासमोर डोळे भरून आले तर लपवायची गरज नाही. "मलाही वाईट वाटतंय" म्हणून दोन मिनिटं थांबलेला शिक्षक मुलांना परका वाटत नाही. त्याच्या पुढच्या तासाला बदली द्यायची सोय मात्र मुख्याध्यापकांनी न मागता करून ठेवावी.

शेवटी, वर्षभराच्या तारखा. तिचा वाढदिवस, राखीपौर्णिमा, गॅदरिंग जिच्यात ती नाचणार होती, वर्गाचा फोटो, पहिलं वर्षश्राद्ध, आणि पुढच्या वर्षी दहावीचा निरोप समारंभ व निकालाचा दिवस. या सगळ्या आजच कार्यालयाच्या कॅलेंडरवर लिहा, कारण मुलं त्या विसरत नाहीत आणि शाळा विसरते. प्रत्येक वेळी कार्यक्रम नको. निरोप समारंभात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांना आधी विचारा, तिचं नाव कसं घ्यायचं आहे. ती एखादं वाक्य लिहून आणतील, त्यात सुधारणा करू नका. तिच्या आई-वडिलांना त्या दिवशीचं आमंत्रण द्या आणि येणं-न येणं त्यांच्यावर सोडा. आले तर त्यांना पहिल्या रांगेत पाहुण्यांमध्ये बसवू नका. मागे, मुलांच्या शेजारी जागा ठेवा; त्यांच्याजवळ जाऊन कोण बसेल ते मुलं बघतील.

हा मजकूर, नावं आणि फोन नंबर एका पानावर उतरवून, जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर एकदा वाचावा आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या पहिल्या कप्प्यात ठेवावा, एवढी आमची आपल्याकडे मागणी आहे. शिक्षक-पालक संघाने पहिल्याच सभेत ते पान मागून घ्यावं.

आपले,
शाळांमधील काही समुपदेशक आणि शिक्षक